नाल्यापलीकडची पट्टी

प्रिय अक्का,

आज सकाळी तुझ्या पट्टीत फावडं घातलं. घराजवळच्या, तुझ्या लाडक्या पट्टीत. तुला विचारायला हवं होतं, पण विचारायला तू नाहीस, म्हणून आता सांगतोय. दुपारचे बैल सोडलेत, तुझे मालक, आमचे आबा, निंबाखाली आडवे पडलेत, तुझ्या सुनंदानं शाळेच्या जुन्या वहीतली मागची कोरी पानं फाडून दिलीत. हात इतके भरून आलेत की अक्षर वाकडं येतंय. तसं ते कधी सरळ होतं?

तुझा हा भाऊ नववीतनं पळाला तेव्हापासून चार ओळी सलग लिहिलेल्या नाहीत. तू म्हणायचीस, बापू, कुठे असतोस त्याचं एक कार्ड तरी टाकत जा. एकही टाकलं नाही. आता टाकायची वेळ आली तर पत्ता नाही. असो. रडवायला नाही लिहीत. दमलोय, आणि दमल्यावर मला तुझ्याशीच बोलायची सवय आहे.

मी यायचो तो कसा यायचो ते आठवतं का? भडगावहून चालत, धुळीनं पांढरा होऊन, तीन-चार महिन्यांतून एकदा. तू दारात उभी राहायचीस आणि पहिलं वाक्य ठरलेलं. "कोठे व्हता इतला दिन?" उत्तराची वाट न बघता दुसरं. "हातपाय धुई ले." मग भाकरी. मी कुठे होतो ते तू तिसऱ्या भाकरीनंतर विचारायचीस, तोवर मलाही नीट आठवत नसायचं.

एकदा मी दोंडाईच्याहून आलो होतो. मिरचीच्या वखारीत काम करायला गेलो होतो, पण शिंका थांबेनात, मुकादमानं हाकलून दिलं. मग स्टेशनवर खताची मालगाडी लागली होती, तिथे गोण्या उतरवायला लागलो. पाठीला चट्टे पडले होते ते तू बघितलेस आणि तेल लावताना विचारलंस, असलं कसलं खत आहे जे कातडी खातं? मी तुला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, ते डीएपी. त्यात स्फुरद असतं. स्फुरद म्हणजे काय हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. गोणीवर लिहिलेलं वाचलं होतं. तिथल्या नाना हमालानं जे सांगितलं तेच मी तुला सांगितलं. नाना गोणीवर थाप मारून म्हणाला होता, "बापू, हाई माटी नही शे. दगड शे, दळेल. समुद्रना पलीकडथीन येस. बोट नही उनी ते बठ्ठा हातवर हात धरी बसतीन."

तू तेल लावायची थांबलीस आणि हसलीस. "आपला गावमा दगड कमी शेतस का, का बोटवर मांगाडतस?"

मीही हसलो होतो. पण पुढे दोन-तीन वर्षांत तसंच झालं. सरकारनं खताचे भाव मोकळे सोडले आणि डीएपीची गोणी हाताला लागेना. सोसायटीत गेलं की म्हणायचे, आली नाही. आली की म्हणायचे, एका गोणीबरोबर या दोन पिशव्या घ्याव्या लागतील, आणि त्या दोन पिशव्यांत काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नसे. आबा सकाळी जायचे आणि दुपारी मोकळ्या गाडीत बसून परत यायचे. तू टोपलं उचलायचीस आणि पांढरीकडे निघायचीस.

पांढरीची गोष्ट तुला काय सांगणार, तूच ती राखलीस. गिरणेच्या पुरात कधीकाळी जुनं गाव बुडालं, माणसं वर सरकली, आणि जुन्या घरांचा, चुलींचा, गोठ्यांचा जो ढिगारा राहिला तो तुमच्या शेताच्या कोपऱ्यात टेकडीसारखा उभा आहे. राखेसारखी मऊ, पांढरट माती. उकरली की खापरं निघतात, जनावरांची हाडं निघतात. आसपासच्या गावांच्या अशा टेकड्या लोकांनी शेतात नेऊन नेऊन सपाट केल्या. तुमची उभी राहिली, कारण तू गाडी लावू दिली नाहीस. चार पाट्या काढायच्या, उकिरड्यात शेणाबरोबर, चुलीच्या राखेबरोबर मुरवायच्या, मग शेतात. "पांढर ठेवणीनी शे," म्हणायचीस, "रोज हात घालाना नही."

मला वाटायचं तू कंजूष आहेस. बघ, तोंडावर कधी म्हटलं नाही, आता म्हणतोय.

तू गेलीस तेव्हा मी नरडाण्याला होतो. कारखान्यांच्या जागेवर पत्र्याच्या शेडचं काम चालू होतं, मी लोखंड वाहत होतो. निरोप फिरत फिरत आला, आणि मी दहाव्याला पोचलो. साधा ताप, म्हणाले. साध्या तापानं तुझ्यासारखं माणूस जातं का? आबा नुसते बसून होते. सुनंदा भाकऱ्या थापत होती, अगदी तुझ्यासारखी, पहिल्या भाकरीची कड जळालेली. मी म्हटलं, दोन दिवस राहतो. ते दोन दिवस अजून संपले नाहीत.

पौषात मला नाल्यापलीकडच्या पट्टीत रब्बीची दादर ज्वारी राखायला पाठवलं. तुला माहीत आहे ती पट्टी. गावात सगळे म्हणतात, तिला कुणाची तरी नजर आहे. जमीन काळी, ओल धरणारी, आणि तरी दादर गुडघ्याच्या वर जाईना. पानं जांभळट, ताटं काडीसारखी. मी गोफण घेऊन माच्यावर बसायचो. पाखरांनाही तिथं यायचा कंटाळा होता. बसल्या बसल्या एक गोष्ट मात्र दिसली. पट्टीच्या मधोमध, जिथे पूर्वी पाण्यानं घळ पडली होती, तिथली दादर माझ्या डोक्याच्या वर गेली होती. हिरवीगार. कणसं वाकलेली. बाकी सगळीकडे मरगळ आणि मधेच एवढा तुकडा, घराच्या अंगणाएवढा.

मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, घळीत पाणी साचतं. शेजारचे म्हणाले, पाणी साचतं. मीही म्हटलं, असेल. आणि विसरलो. मला काय, मी त्या दिवसांत पलीकडून मेंढ्या घेऊन जाणाऱ्या ठेलाऱ्यांबरोबर साक्रीकडे निघून जायच्या विचारात होतो. त्यांचा एक म्हातारा मला म्हणाला होता, चाल आमच्याबरोबर, तुझे पाय घरात बसणारे नाहीत. ते पाय तुला चांगले माहीत होते. पण सुनंदा म्हणाली, मामा, दादर निघेपर्यंत थांब, आबांना एकट्याला झेपणार नाही. थांबलो.

दादर निघाली. पोतीही भरली नाहीत नीट. आणि चैत्रात केळीवाले तात्या आले.

तात्या म्हणजे नदीपलीकडच्या गावचे, ज्यांचे दोन ट्रॅक्टर आहेत ते. त्यांच्या केळीला खत पुरत नव्हतं. आले, ओट्यावर बसले, चहा घेतला आणि पांढरीकडे बघत म्हणाले, "आबा, माटीना ढीग शे तो. पाऊसमा वाही जाई आर्धा. तुमले काय कामना?" मग बोलणं झालं ते असं. ट्रॅक्टर त्यांचा, डिझेल त्यांचं. तीन ट्रॉल्या ते नेणार, चौथी आपल्या नाल्यापलीकडच्या पट्टीत टाकून देणार, लांबच्या रस्त्यानं वळसा घालून. पांढर संपेपर्यंत.

आबांनी मान हलवली. सुनंदानं आतून विचारलं, "आणि संपल्यावर?"

तात्या हसले. "पोरी, संपल्यावर डीएपी येईल. बोटी काय बुडाल्या नाहीत सगळ्या."

ते गेल्यावर सुनंदा आणि आबांचं वाजलं. तू असतीस तर मधे पडली असतीस. मी पडलो नाही, मी ओट्यावर बसून बिडी ओढत होतो. आबा म्हणत होते, "ती गयी. आते पाट्या कोन वाही? तू जाशील सासरी. मी वाहू का?" सुनंदा म्हणत होती, "म्हणून काय सगळं एकदम खाऊन टाकायचं?" आबा म्हणाले, पलीकडची पट्टी उपाशी आहे, तिला एकदा पोटभर मिळू दे. हे ऐकून मला आबांचंच खरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

तात्यांचा ट्रॅक्टर आला त्या सकाळी मीच ट्रॉलीच्या फाळक्याला हात लावला. पहिल्या तीन ट्रॉल्या भरून गेल्या. अक्का, पांढरीच्या उत्तरेच्या बाजूला खड्डा पडलाय, तो दिसतो. तो भरणार नाही. हे तुला सांगायलाच हवं. चौथी ट्रॉली आपल्यासाठी होती. ती भरत होती तेवढ्यात सुनंदा नाल्यापलीकडून हाक मारत आली. तिच्या हातात धसकटं होती.

ती पहाटेच तिकडे धसकटं वेचायला गेली होती, चुलीसाठी. दोन मुठी घेऊन आली. एका मुठीतली माझ्या करंगळीएवढी, मुळाला माती धरेना. दुसऱ्या मुठीतली, घळीतल्या हिरव्या तुकड्यातली, अंगठ्यापेक्षा जाड, मुळांचा झुपका, आणि त्या झुपक्यात काळी-पांढरी मिसळलेली माती. तिनं ती माती आबांच्या तळहातावर झाडली. आबा म्हणाले, "काय शे?" ती म्हणाली, "नीट बघा."

मातीत कोळशाचे बारीक तुकडे होते. खापराची कपची. आणि काचेचे तुकडे. हिरवे, त्यावर सोनेरी ठिपका.

तुझ्या बांगड्या, अक्का. भडगावच्या बाजारातल्या कासाराकडून तू घ्यायचीस त्या. कामात फुटायच्या, केरात जायच्या, केरातून उकिरड्यात, उकिरड्यातून तुझ्या घराजवळच्या पट्टीत. मग त्या नाल्यापलीकडे कशा?

आबा तिथंच खाली बसले. मग त्यांनाच आठवलं. गेल्या उन्हाळ्यात पाइपलाइनची चारी खोदली होती, घराजवळच्या पट्टीतनं. वरची उरलेली माती टाकायची कुठे, म्हणून चारीवाल्यांनी ती त्यांच्या गाडीनं, लांबच्या रस्त्यानं, पलीकडच्या घळीत नेऊन ओतली. दादर वाढली ती पाण्यानं नव्हे. तुझ्या पट्टीतल्या मातीवर वाढली.

तात्या ट्रॅक्टरवरनं उतरले, आबांच्या हातातले तुकडे बघून म्हणाले, "आबा, आते बांगड्या दखीसन खत वळखतस का?"

माणूस वाईट नाही, थट्टा करायची सवय आहे. पण आबा त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तात्या, आज राहू द्या."

भरत आलेली माती परत ओतली आणि ट्रॅक्टर रिकामा गेला. पण "आज राहू द्या" म्हणजे कायमचं नाही ना? तात्या जाताना सांगून गेले, आठ दिवसांनी येतो, ठरलेलं ठरलेलं असतं.

मी भडगावला गेलो. शेतकी खात्यातले एक साहेब आठवड्याच्या बाजारादिवशी येतात, त्यांना गाठलं. दोन्ही पट्ट्यांची माती दोन रुमालांत बांधून नेली होती. साहेब फटफटीला किक मारत होते, ती चालू होत नव्हती, म्हणून त्यांनी ऐकून घेतलं. मी सगळं सांगितलं, पांढर, उकिरडा, बांगड्या. ते म्हणाले, "मग बरोबर आहे. राख, हाडं, शेण, सगळ्यात स्फुरद. नत्र पाण्याबरोबर निघून जातं. स्फुरद नाही. ते मातीत हलत नाही. जिथे टाकाल तिथेच बसून राहतं." माझ्या अगदी उलट, मी मनात म्हटलं. मग विचारलं, म्हणजे आमची अक्का जे टाकत आली ते सगळं अजून आहे तिथे? साहेब म्हणाले, "पिकानं खाल्लं ते सोडून बाकी तिथेच असणार. त्या पट्टीला आता तुम्ही काही वर्षं डीएपी दाखवलंही नाही तरी चालेल. माती तपासून घ्या, पण मला तरी तसंच दिसतंय." आणि पुढे म्हणाले, पांढर कशाला संपवता, आधी या पट्टीतली माती पलीकडे वाटून घ्या. वरची वीतभरच काढा, पट्टी उघडी बोडकी ठेवू नका.

तेवढ्यात फटफटी चालू झाली. गेले.

घरी येऊन सांगितलं. वाटलं आबा खूश होतील. ते इतके चिडले की मी बिडी विझवली. "तिना जनम गया त्या पट्टीमा. अन् तू फावडं घालशी?"

सुनंदा म्हणाली, "आबा, मायनं ते पिकवायला भरलं. बघत बसायला नाही."

"तू गप."

"नाही तर मग तात्यांना पांढर द्या. पण मग तिची ठेवण जाईल. दोन्ही तिचंच शे. काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा."

आबा उठून गेले. दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. घरात तू नसताना अबोला किती जड होतो माहीत आहे का? तू असताना अबोला धरला तरी भांडी बोलायची.

खरं सांगू, त्या दोन दिवसांत मला तुझाच राग आला होता. एवढी वर्षं सगळं एकाच पट्टीत का घातलंस? राख तिथे, शेण तिथे, पांढर तिथे. साहेब म्हणाले तसं भरून वाहतेय ती पट्टी आणि दुसरी जांभळी पडून मरतेय. तुला दिसत नव्हतं का? का तुलाही वाटायचं, तिला नजर लागलीय? दोन पोरांतल्या एकालाच दूध पाजल्यासारखं केलंस.

तिसऱ्या दिवशी मी उकिरड्यातल्या मुरलेल्या मातीची एक पाटी भरली. का भरली ते माहीत नाही. राग असेल, किंवा रिकामे हात. डोक्यावर घेतली आणि पलीकडे निघालो. तुझ्या पट्टीपर्यंत सरळ वाट, काही वाटलं नाही. मग नाला. उतरताना पाय घसरला, पाटीतली थोडी सांडली. तळात वाळू, पाय रुतले. समोरची दरड माझ्या छातीएवढी उभी. पाटी दोन्ही हातांनी धरलेली, मग वर चढायला हात कुठून आणायचे? पाटी खाली ठेवली, वर ढकलली, ती परत माझ्या अंगावर आली. शेवटी वर पोचलो तेव्हा पाटीत निम्मी माती होती आणि मान अशी आखडली की अजून वळत नाही.

मी लोखंड वाहिलंय, गोण्या वाहिल्यात. आणि तू? पहाटे उठून, भाकरी टाकून, पोरीला निजलेली सोडून, एक पाटी न्यायची आणि उजाडायच्या आत परत यायचं. तुला जवळची पट्टीच पोचण्यासारखी होती. पलीकडचीला तू विसरली नव्हतीस. दमलेली होतीस. एवढं साधं, आणि मला पाटी घेतल्याशिवाय समजलं नाही.

मी वर बसून धापा टाकत होतो. आबा अलीकडच्या काठावर उभे होते. केव्हापासून होते देव जाणे.  मग तिथूनच बोलले, मोठ्यानं नाही, पण नाल्यात आवाज घुमतो म्हणून ऐकू आलं.

"ती दर साल सांगे, बापू. नालाले उतार पाडी द्या, गाडी उतरी अशी. मी सांगू, पुढला साल."

  ते पुढे म्हणाले, चार दिवसांचं काम होतं. दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी बैल आजारी, कधी गाडी भाड्यानं गेलेली, कधी नुसता कंटाळा. मग तिनं सांगायचं बंद केलं. मला वाटलं, तिला नको असेल.

अक्का, तू हे मला कधी सांगितलं नाहीस. नवऱ्याची कागाळी भावाजवळ करायची नाही, एवढंच ना? तीन भाकऱ्या खाऊन मी निघून जायचो. एकदा म्हटली असतीस, बापू, जायच्या आधी त्या दरडीला टिकाव घाल, तर घातला असता. का घातला नसता? नाही, विचारू नकोस. सांगितलं असतंस तरी मी दुसऱ्या दिवशी भडगावच्या वाटेला असतो, हे तुलाही ठाऊक होतं.

संध्याकाळी आबा टिकाव घेऊन नाल्यात उतरले. मी गेलो, मग सुनंदा. अलीकडची दरड तिरकी कापली, मग पलीकडची. मुरूम निघाला तो तळात वाळूवर पसरला, वर दगड बसवले. आबांचं वय झालंय, दर पाच-सहा टिकावांनी थांबायचे, दम खायचे, पण मला हातातून घेऊ द्यायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, आबा, बसा थोडं. म्हणाले, "बसनू ना इतला वरीस."

तात्या सांगितल्याप्रमाणे आले. आम्ही तिघं नाल्यात, धूळमातीनं माखलेले. त्यांनी काठावरनं विचारलं, "काय, विहीर खोदतस का?" आबा वर आले, हात पुसले, म्हणाले, "तात्या, तीन ट्रॉल्या तुम्ही नेल्या त्या नेल्या. चौथी मला नको. पांढर आता काढायची नाही." तात्यांनी एकदा पांढरीकडे बघितलं, एकदा उताराकडे. "बाईमाणूस गयं अन् तुम्ही तिना हट्ट धरी बसनात," म्हणाले. आबा म्हणाले, "हां." तेवढंच. तात्या निघाले. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, केळीत माणूस लागतो, येतोस का? मी कधी नव्हे ते नाही म्हटलं. मलाच आश्चर्य वाटलं.

उतार काल पुरा झाला.

आणि आज सकाळी तुझ्या पट्टीत फावडं. पहिलं आबांनी घालायचं ठरलं होतं, पण त्यांनी माझ्याकडे दिलं आणि पाठ फिरवून बैलांच्या कासऱ्याशी काहीतरी करत राहिले. माती कशी आहे माहीत आहे? काळी राहिलीच नाही. चहाच्या रंगाची, भुसभुशीत, मुठीत धरली की सुटते, गांडुळं नुसती वळवळतात. सुनंदा म्हणाली, मामा, खोल नको, वीतभरच. आम्ही वीतभरच काढतोय, काकराची एक ओळ काढायची, एक ठेवायची. तुझी पट्टी उघडी पडणार नाही. यंदा तिच्यात तूर आणि उडीद टाकणार, असं सुनंदानं ठरवलंय, मला विचारलं नाही.

गाडी भरली. उताराशी आल्यावर बैल थांबले. त्यांनी ती वाट कधी पाहिली नव्हती. आबा पुढे जाऊन त्यांच्या तोंडाशी उभे राहिले, हळूहळू मागे सरकत त्यांना खाली घेतलं. चाक मुरमावर करकरलं, जरा घसरलं, थांबलं. मग वाळू, मग चढ. मी मागनं खांदा लावला. वर आली गाडी. आबांनी पलीकडच्या पट्टीत बैल उभे केले आणि बराच वेळ जू धरून तसेच उभे राहिले. सुनंदानं विचारलं, "आबा, ओतायची ना?" ते म्हणाले, "थांब जरा."

आम्ही थांबलो. मग ओतली.

अशा किती गाड्या लागतील ते मोजलं नाही, मोजलं तर अंगातलं बळ जाईल. पाऊस पडायच्या आत निम्मी पट्टी झाली तरी पुष्कळ. उरलेली पुढच्या वर्षी. मला माहीत आहे, "पुढच्या वर्षी" हा शब्द तुला कसा लागेल. पण आता गाडी उतरते, अक्का. तेवढा फरक आहे.

आणखी एक केलंय. नवा उकिरडा नाल्यापलीकडे घातलाय, पट्टीच्या वरच्या अंगाला, बाभळीच्या सावलीत. घरचं शेण, राख, केर आता गाडीनं तिकडे जाणार. जवळच्या पट्टीला तिच्या पोटातलंच पुरेल बरीच वर्षं. पांढरीतनं दर सालाला तू काढायचीस तेवढ्याच पाट्या काढायच्या, जास्त नाही, हे आबांनी सुनंदासमोर कबूल केलंय. ती सासरी गेल्यावरही विचारायला येणार आहे, म्हणते. येईल. तुझीच पोर आहे.

बैल उठले बघ. आबांनीही डोळे उघडलेत, हाक मारतील.

वचन काय देऊ तुला? आयुष्यभर इथे राहीन असं म्हणणार नाही. खोटं बोललं की तू लगेच ओळखायचीस, भाकरी वाढता वाढता. एवढंच सांगतो. पलीकडच्या पट्टीत यंदा दादर पेरायची, ती निसवेपर्यंत, कणसं भरेपर्यंत, कापून खळ्यावर येईपर्यंत मी इथून हलणार नाही. ठेलारी गेले तरी नाही, नरडाण्याहून कुणाचा निरोप आला तरी नाही. रोजचं शेण, राख, केर पलीकडे मीच नेणार. त्यापुढचं मला माहीत नाही, म्हणून त्यापुढचं बोलत नाही.

तुझा,
बापू